सासरे म्हणतात देश बुडणार, नवरा म्हणतो महासत्ता होणार

(पत्र लांब होतं, थोडं कापलंय. नाव अर्थातच नाही देत.)

"काकू, मी डोंबिवलीला राहते, ठाण्याला एका लॅबमध्ये बिलिंगला आहे. नवरा ऐरोलीला आयटीत. सासरे ६९ वर्षांचे, गिरणीत साचेखात्यात होते, ८२ च्या संपात काम गेलं, मग आयुष्यभर वॉचमनकी केली. मुलगा ९ वर्षांचा. आमच्याकडे रोज रात्री जेवताना एकच विषय. सासरे बातम्या बघत म्हणतात, हा देश बुडणार, लिहून ठेवा. की लगेच नवरा मोबाईल काढून ग्राफ दाखवतो, बाबा आपण जगात चौथ्या नंबरवर आहोत, तुम्हाला काही कळत नाही. मग सासरे ताटावरून उठतात. आमच्या मिळून १८ लाखांच्या एफड्या आहेत. नवरा म्हणतो सगळ्या मोडून स्मॉल कॅप फंडात, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात टाकू, देश धावतोय आणि आपण पेन्शनरांसारखे बसलोय. सासरे म्हणतात सोनं घ्या नाहीतर कणकवलीला जमीन घ्या, कागदावर विश्वास ठेवू नका. आणि हे सगळं चालू असताना नवऱ्याने कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यासाठी, एका एजंटला ४० हजार भरलेत, ते मला बँकेच्या मेसेजवरून कळलं. परवा झोपताना मुलगा म्हणाला, आई आपला देश बुडणार आहे का, मग मी शाळेत कशाला जातो? मला काही बोलताच आलं नाही. तुम्ही बँकेत होतात, खरं काय ते सांगा, देशाचं पुढे काय होणार, म्हणजे मला कळेल कुणाच्या बाजूने बोलायचं. रात्रीची झोप गेलीय."

अगं, तूच म्हणते, चालेल ना, माझी मोठी तुझ्याच वयाची आहे.

देशाचं पुढे काय होणार ते सांगणारे तुझ्या घरात आधीच दोघं बसलेत, त्यात तिसरी मी कशाला. पण पत्र दोनदा वाचलं आणि मला वाटतं हे दोघं भांडतात ते देशावरून भांडतच नाहीयेत, कशावरून भांडतायत ते सांगते, जरा फिरून यावं लागेल, कंटाळू नको.

मी ३२ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी परळला काउंटरवर. तिथे एक सवय लागते, माणूस काचेपलीकडून काय बोलतो ते एका कानाने ऐकायचं आणि स्लिपवर काय लिहितो ते डोळे उघडे ठेवून बघायचं. एक आजोबा यायचे दर महिन्याला, आले की महागाईपासून सुरू करून थेट कलियुगापर्यंत जायचे, सगळं संपलंय बाई आता, काही राहिलं नाही, आणि जाताना नातीच्या आरडीचा हप्ता भरून जायचे, दहा वर्षांची आरडी. मी एकदा म्हटलं आजोबा सगळं संपलंय तर दहा वर्षं कशाला, तर म्हणाले ते वेगळं. आणि ह्याच्या उलट ९२ च्या सुरुवातीला अशी माणसं यायची की चेहरे नुसते उजळलेले, एफडी मोडायची, दंड बसला तरी चालेल म्हणायचे, शेअर घ्यायचेत, तो शेअर दलाल हर्षद मेहताचा काळ, एप्रिलमध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला होता आणि घोटाळा बाहेर आल्यावर वर्षभरात अर्ध्यावर आला. त्यातले काही नंतर पासबुक भरायला आले की आमच्या नजरेला नजर देत नसत, जसं काही आम्हीच बुडवलं.

तर आता तुझ्या घरातल्या स्लिपा बघू. मी पत्रातलं जे कापलं ना त्यात तू दोन गोष्टी सहज लिहून गेलीयस. एक, नातू झाला तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या नावाने एलआयसीची पॉलिसी काढली, ती २०४१ ला मॅच्युअर होणार, आणि हप्ता ते स्वतःच्या शिल्लकीतून भरतात, तुम्हाला हात लावू देत नाहीत. दोन, गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्म त्यांनी केव्हाचा भरलाय आणि त्याची पोचपावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात लॉकरपाशी ठेवलीय. त्या घरांसाठी दीड लाखाच्या वर अर्ज आहेत गं, आणि त्यातली किती लोकांना मिळाली हे सासऱ्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं माहितीय, तरी पिशवी जपून आहे. तर हा माणूस म्हणतो देश बुडणार. आणि ज्याला समोर महासत्ता दिसतेय त्याने बायकोला न विचारता देशाबाहेर जायचे ४० हजार भरलेत.

मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग वाटलं नवऱ्याला पण उगाच झोडपायला नको, कारण त्याचं पण काही खोटं नाहीये.

तू लिहिलंयस की त्याची पहिली नोकरी २००९ ला लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात जी काचेची बिल्डिंग झाली तिथे, आणि सासऱ्यांची गिरणी तिथून चालत दहा मिनिटांवर. हे तू एका ओळीत उरकलंस पण माझ्या मते सगळं ह्यातच आहे. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच नाही कुणी, नुसता विरत गेला. मी ८६ ला परळला लागले तेव्हा ती माणसं खात्यातले शेवटचे पैसे काढायला यायची, मिनिमम बॅलन्स सोडून उरलेले सगळे द्या म्हणायची, कुणी भाजी विकायला लागलेला, कुणी गावी जायचं तिकीट काढून आलेला, आणि गंमत बघ, तेव्हा पेपरात देश कुठे बुडाला होता, देश व्यवस्थित चालू होता. तुझे सासरे तेव्हा २६ वर्षांचे. २६ व्या वर्षी ज्याच्या पायाखालची जमीन गेली त्याला पुढे कुठलीही जमीन पक्की कशी वाटेल? (सोनं घ्या, जमीन घ्या, कागदावर विश्वास नको, हे सगळं तिथून येतंय बघ. गिरणीचं तिकीट, म्हणजे कामगार असल्याचा पुरावा, तो पण कागदच होता ना.)

आणि त्याच जमिनीवर पुढे मॉल आले, फिनिक्सने तर गिरणीचं नावच ठेवलं, ऑफिसं आली, टॉवर आले आणि त्यातल्या एका बिल्डिंगमध्ये त्याच माणसाच्या मुलाला एसीत बसून वडिलांच्या वर्षाच्या पगाराएवढा महिन्याचा पगार मिळायला लागला, तोही अख्ख्या जगात मंदी असताना. त्याने देश वर जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, त्याला तू सांगून पटणार नाही की सगळं वाईट आहे. म्हणजे बापाचा देश ८२ ला बुडाला, मुलाचा देश २००९ ला तिथेच वर आला, मधे अंतर किती तर दहा मिनिटं चालायचं. देश वर गेला म्हणजे आपण वर गेलो असं नसतं आणि आपण खाली गेलो म्हणजे देश गेला असंही नसतं, पण जेवताना हे दोघं देश देश म्हणून स्वतःची गोष्ट सांगतायत आणि समोरचा ती ऐकतच नाहीये.

आणि हे फक्त तुझ्या घरात नाही हं. फोर्टातली आपली रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहराशहरांत लोकांना विचारते, मुंबईत पण विचारतात, की वर्षापूर्वीपेक्षा आता देशाची परिस्थिती, नोकऱ्या, किमती, तुमची कमाई, तुमचा खर्च हे बरं आहे का वाईट, आणि वर्षभराने कसं असेल. मग बरं म्हणणारे वजा वाईट म्हणणारे असा हिशोब करून त्यात १०० मिळवतात. १०० च्या वर म्हणजे लोक आशेवर, खाली म्हणजे नाराज. २०२१ च्या मे मध्ये, कोविडची दुसरी लाट, आत्ताच्या परिस्थितीचा आकडा ४८.५ पर्यंत घसरला होता, आठवत असेल तुला ते दिवस. मग हळूहळू चढत २०२४ च्या मार्चला ९८.५ झाला, म्हणजे तीन वर्षं जवळपास सतत बरं होत आलं तरी आत्ता कसं आहे विचारलं तर नाराजच जास्त. पण त्याच लोकांना पुढचं वर्ष कसं असेल विचारलं तर आकडा १२५.२! आणि हे एकदाच झालं असं नाही, जवळपास दरवेळी हेच, आज वाईट आहे, पुढच्या वर्षी बरं होईल. पुढचं वर्ष आलं की परत आज वाईट आहे. तुझे सासरे आणि नवरा हे मला वाटतं दोन वेगळी माणसं नाहीतच, आपल्यातल्या प्रत्येकाच्या आत असं एक भांडण चालू असतं, तुमच्याकडे ते फक्त दोन खुर्च्यांवर बसलंय.

शिवाय लोक उत्तर कशावरून देतात तर घरावरून. महागाईचंच घे, २०२४ च्या सुरुवातीला सरकारी आकडा ५ टक्क्यांच्या आसपास होता आणि लोकांना विचारलं तर ते ८ सांगत होते. लोक खोटारडे नाहीत, टोमॅटो दर दोन दिवसांनी घ्यावे लागतात आणि टीव्ही दहा वर्षांनी, मग डोक्यात टोमॅटोच बसणार ना. आणि २००४ ला काय झालं होतं, भारत उदय म्हणून केवढ्या जाहिराती, सगळीकडे चकाचक, आकडे पण चांगले होते, आणि निवडणुकीत ते सरकार पडलं. ज्यांच्या घरी उदय झाला नव्हता त्यांना जाहिरात आपली वाटली नसणार, माझा तरी असाच समज आहे.

आता दोघांना एकेक चिमटा काढते म्हणजे मी कुणाच्या बाजूची नाही ते तुला कळेल.

सासऱ्यांना सांग, ९१ मध्ये मी नोकरीत होते, तेव्हा तर खरंच बुडायची वेळ आली होती, परदेशातून माल आणायला जेमतेम काही आठवड्यांचे डॉलर उरले होते, आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं गहाण ठेवायला विमानाने बाहेर पाठवलं. आमच्या बँकेत त्या दिवसात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, घरातलं मंगळसूत्र गेल्यासारखं वाटत होतं गं, आमचे मॅनेजर तर म्हणाले आता आपलं काही खरं नाही. मग ते सोनं सोडवलं, आणि २००९ ला ह्याच रिझर्व्ह बँकेने आयएमएफकडून, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून, २०० टन सोनं रोख मोजून विकत घेतलं, आज तिच्याकडे ८०० टनांच्या वर आहे. सोन्याचीच भाषा त्यांना कळते तर सोन्यातच सांग.

आणि नवऱ्याला सांग की चौथा का पाचवा ते भांडत बसा, पण ती सगळ्या देशाची मिळून कमाई झाली, ती १४० कोटी माणसांत वाटली की माणशी कमाईत आपण पहिल्या शंभरात पण नाही. आणि समजा देश धावतोय, मान्य, तरी देश धावला म्हणजे तू घेतलेला फंड धावेलच असं कुणी लिहून दिलंय? आमच्याकडे काय झालं सांगू, २००८ च्या जानेवारीत आमच्या ह्यांनी एका मोठ्या कंपनीच्या आयपीओत, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते त्यात, पैसे घातले, मीच चेक लिहिला, बँकेत बसून रोज लोकांना शहाणपण शिकवणारी मी. तेव्हा सेन्सेक्स २१,००० ला लागला होता, ऑक्टोबरात तो ८,००० च्या खाली जाऊन आला. देश? देश चाललाच होता, त्यानंतर कितीतरी पुढे गेला, सेन्सेक्सने २०२४ ला ८५,००० पण बघितले. पण आम्हाला २००९ च्या जूनमध्ये मोठीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती आणि तेव्हा ते शेअर विकून निम्मे पण आले नाहीत. आम्ही देशाबद्दल बरोबर होतो आणि फीच्या तारखेबद्दल चूक.

म्हणून तुझ्या १८ लाखांना देशाचं भविष्य विचारायचं नाही, तारीख विचारायची. ह्यातले कुठले पैसे कधी लागणार? मुलाचं कॉलेज साधारण नऊ वर्षांनी. सासऱ्यांचं आजारपण, देव न करो, पण उद्यासुद्धा लागू शकतं आणि ६९ व्या वर्षी मेडिक्लेम मिळवणं काय असतं ते मी नात्यात बघितलंय. घराचा हप्ता आहे का ते तू लिहिलं नाहीयेस, असेल तर तो धर. आयटीत सध्या कधी कोणाला एचआर बोलावेल सांगता येत नाही तर निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, तो एफडीतच, त्याला कुणीही हात लावायचा नाही, महासत्तेने पण नाही. सासऱ्यांचे स्वतःचे जे काही असतील ते ह्या चर्चेतच नाहीत, ते त्यांचे. मग जे उरतील, ज्यांना सात-आठ वर्षं हात लावायची गरज नाही, त्यातले थोडे थोडे करून दर महिन्याला फंडात जाऊ देत ना, नवऱ्याचं पण मन राहील आणि बाजार पडला तर झोप पण राहील. सगळे स्मॉल कॅपमध्ये नको, ते चढतात तेव्हा डोळे दिपतात आणि पडतात तेव्हा जिना नसतो, लिफ्ट तुटते. एका बँकेत ५ लाखांपर्यंतच विमा असतो, व्याज धरून, तेव्हा एफड्या सगळ्या एकाच बँकेत असतील तर तेही बघ. आणि कणकवलीच्या जमिनीचं म्हणशील तर सातबारावर किती चुलत्यांची नावं आहेत ते आधी विचार, मग बोलू.

आणि एक बँकेतली गोष्ट सांगते, नीट ऐक. कपाटातून एफडीच्या रिसीटा काढ आणि नावं बघ. तुमच्या दोघांच्या नावाने आयदर ऑर सर्व्हायव्हर असेल तर मुदत संपल्यावर कोणीही एक काढू शकतो, पण मुदतीआधी मोडायची असेल तर दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे तुझी सही लागणार. तू मला विचारतेयस कुणाच्या बाजूने बोलू, अगं तुझी स्वतःची बाजू कुठेय? १८ लाखांत तुझ्या पगाराचे किती आहेत हे तू तीन पानांच्या पत्रात एकदाही लिहिलं नाहीस. इतकी वर्षं ठाणे लोकलला लटकून आणलेत ते पैसे.

कॅनडाचं. मेसेज बघितल्याचं नवऱ्याला सरळ सांग, पण सासऱ्यांसमोर नको, ती शोभा व्हायला नको. रविवारी चहा घेऊन गच्चीत बसा. बघा, मोठा भारतवाला, असा टोमणा मारून सुरुवात करू नको, मला माहितीय जिभेवर येणार. त्याला विचार की तुला कशाची भीती वाटतेय. माझा अंदाज आहे ऑफिसात काहीतरी चालू असणार, कुणाची तरी नोकरी गेली असणार, आणि बापासमोर ते बोलायचं म्हणजे बाप जिंकला असं होतं, म्हणून रात्री ग्राफ दाखवायचे आणि दिवसा एजंटला फोन. चुकत असेन तर चुकत असेन, पण विचार. आणि ते एजंटचं, ४० हजार गेले असं समजून पुढचे पैसे थांबव, कारण कॅनडाने २०२४ च्या ऑक्टोबरातच २०२५ साठी घ्यायच्या लोकांचा आकडा ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणला, फॉर्म आपला आपण पण भरता येतो आणि नक्की करून देतो म्हणणारा एजंट दिसला की चप्पल घालायची आणि निघायचं. जायचंच असेल तर जा की, त्यात काही पाप नाही, सासरे पण कणकवलीहून परळला आलेच होते ना, तेव्हा कोकणाला काय कमी शिव्या बसल्या असतील. पण चौघांनी मिळून ठरवा.

राहिला मुलगा. तू गप्प बसलीस ते मला सगळ्यात लागलं. त्याला इकॉनॉमी समजवायला जाऊ नकोस, त्याने देशाबद्दल विचारलेलंच नाहीये, तो विचारतोय की रोज आजोबा ताटावरून का उठतात. आज रात्री त्याला सांग की देश बुडत नाही, आजोबांची गिरणी बंद झाली होती तेव्हा त्यांना खूप त्रास झाला, म्हणून ते असं बोलतात. मग त्याला आजोबांकडे पाठव, साचा कसा चालायचा ते विचारायला, भोंगा झाला की काय काय व्हायचं ते विचारायला. बघ ते किती बोलतात. आणि नवऱ्याला त्या वेळेला तिथे बसव, मोबाईल दुसऱ्या खोलीत, कारण मला नाही वाटत त्याने ही गोष्ट कधी पूर्ण ऐकलीय, त्याने फक्त तिचा शेवट ऐकलाय, रोज जेवताना.

आणि पॉलिसीचा हप्ता डिसेंबरात असतो म्हणालीस. यंदा सासऱ्यांबरोबर भरायला मुलाला पण पाठव, शाळेला दांडी पडली तर पडू दे एक दिवस.

काकू